धबधब्याशी तोंडी करार

मनोरमाबाई सबनीस टीव्हीतल्या धबधब्याला नवस बोलल्या, तेव्हा त्यांचा मुलगा देवदत्त बाल्कनीत सायकलची चेन पुसत बसला होता. त्यामुळे पुढे जे काही झालं त्यात आपला काडीचाही दोष नाही, असं त्याचं आजही म्हणणं आहे. तो आत असता तर त्याने चॅनल बदललं असतं. चॅनल बदललं असतं तर फुटबॉल लागला असता, कारण २००६ सालच्या त्या विश्वचषकाच्या उन्हाळ्यात सगळ्या जर्मनीत दुसरं काही लागतच नव्हतं. आणि फुटबॉलला नवस बोलायचं मनोरमाबाईंच्या मनात आलं नसतं. निदान असं त्याला वाटतं. आईच्या बाबतीत त्याचे अंदाज सहसा चुकतात.

मनोरमाबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून झिंडेलफिंगेनला मुलाकडे आल्या होत्या. जर्मनचं एक अक्षर येत नसल्यामुळे टीव्ही बघताना त्यांना कसलीच अडचण येत नसे. कोण चांगला, कोण लबाड, कोणाची सून कशी, हे त्या चेहऱ्यावरून ओळखत आणि नातीला, म्हणजे ऊर्जाला, मराठीत समजावून सांगत. ऊर्जा ऐकायची मराठीत आणि बोलायची जर्मनमध्ये. दोघींचं उत्तम जमायचं.

तर त्या दिवशी पडद्यावर उंचच उंच डोंगर होते, काळा कातळ होता आणि त्यावरून पांढरंशुभ्र पाणी धो धो कोसळत होतं. खाली घेरदार परकर नेसलेल्या, डोक्यावर टोप्या घातलेल्या बायका पाण्याला फुलं वाहत होत्या, धान्य वाहत होत्या, आणि मग पाणी डोळ्यांना लावत होत्या. मनोरमाबाईंनी चष्मा चढवला. त्या उठल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, टीव्हीसमोर उभं राहून हात जोडले आणि म्हणाल्या, "बाई गं, माझ्या देवूचा कागद होऊ दे. तुझी खणानारळाने ओटी भरीन."

कागद म्हणजे जर्मनीत कायम राहण्याचा परवाना. त्याला जर्मनमध्ये 'निडरलासुंग्सएरलाउबनिस' म्हणतात. हा शब्द एका दमात म्हणता येणं हीच त्याची खरी अट असावी, अशी देवदत्तला बरेच दिवस शंका होती. अर्ज टाकून कित्येक महिने झाले होते. आणि पुढच्याच आठवड्यात तो कागद आला!

देवदत्तने घरात उड्या मारल्या. कादंबरीने, म्हणजे त्याच्या बायकोने, शिरा केला. मनोरमाबाईंनी शिऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि शांतपणे सांगितलं, "आता नवस फेडायला हवा. कुठेशी आहे गं ती, ऊर्जा?"

"इन पेरू, ओमा. इर्गेन्डवो," ऊर्जा म्हणाली. पेरूत, आजी. कुठेतरी.

पेरू या देशाच्या नावावरून मराठी माणसाला जे जे विनोद सुचू शकतात, ते सगळे देवदत्तच्या मित्राने, शेजारच्या ब्योब्लिंगेनच्या हरीशने, त्याच संध्याकाळी करून संपवले. त्यामुळे इथे ते पुन्हा देत नाही.

देवदत्तने आईला समजावलं. हा कागद त्याने इतकी वर्षं कर भरला, पेन्शनचे हप्ते भरले, भाषेची परीक्षा दिली, म्हणून मिळाला. यात दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याही जलप्रपाताचा संबंध नाही. मनोरमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या, "नवस फिटेपर्यंत मी चहा सोडलाय."

आता ज्यांनी मनोरमाबाईंना चहा पिताना पाहिलेलं नाही, त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. सकाळी उठल्यावर एक, तोंड धुतल्यावर एक, पेपर वाचताना एक, असा त्यांचा दिवस चहाने शिवलेला होता. चहा सुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. त्यांनी कपाळाला फडकं बांधलं. त्या इतरांसाठी चहा करत, कप समोर ठेवत, वाफेकडे एकदा बघत आणि फडकं घट्ट करत. तोंडाने चकार शब्द नाही. देवदत्तच्या घशाखाली चहा उतरेना. तो ऑफिसात जाऊन यंत्राची कॉफी पिऊ लागला आणि त्याला पित्त झालं.

"परतीची तारीख जवळ आलीय," मनोरमाबाई फोनवर आप्पांना, म्हणजे पुण्यात राहिलेल्या नवऱ्याला, सांगत होत्या, "नवस डोक्यावर घेऊन कशी येऊ? त्या पोराचं काही बरंवाईट झालं म्हणजे?" पोरगा शेजारच्या खोलीत ऐकत होता. पोराचं वय बेचाळीस.

मग सल्ले सुरू झाले. देवदत्तचं असं मत आहे की परदेशात मराठी माणसाला एकटेपणा वाटतो ही अफवा आहे. हरीशची बायको वसुधा म्हणाली, "एवढंच ना? श्वार्झवाल्डच्या जंगलात काय धबधबे कमी आहेत? एखादा दाखव, फिटला नवस." खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ आयजेले जिन्यात भेटल्या. त्यांना कोणी, कसं आणि का सांगितलं कोण जाणे. पण त्यांनी उंच डोंगरात लोकरीची अंतर्वस्त्रं वापरावीत, असा सल्ला भर जिन्यात, मोठ्या आवाजात दिला. वर हेही विचारलं, की तुम्ही गेलात तर त्या आठवड्याची तुमची जिना झाडायची पाळी, म्हणजे केरवोखं, कोण करणार? धबधबा एकीकडे, जिना एकीकडे.

वसुधाचा सल्ला स्वस्तातला म्हणून आधी घेतला. दोन्ही कुटुंबं एका रविवारी श्वार्झवाल्डला गेली. तिथला धबधबा तिकीट काढून बघायचा होता. कठडे होते, बाक होते, कचऱ्याचे तीन रंगांचे डबे होते, पाणी भरपूर होतं. मनोरमाबाईंनी बराच वेळ बघितलं. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण ही ती नव्हे."

"आई, शेवटी पाणी ते पाणीच ना," देवदत्त म्हणाला.

"असं? मग तुझ्या लग्नात कादंबरीच्या जागी या वसुधाला उभी केली असती तर चाललं असतं का? शेवटी बायको ती बायकोच ना?"

हरीश परतताना गाडीत गप्प गप्प होता, आणि वसुधाने त्याला दोनदा विचारलं, की कसला एवढा विचार करतोयस.

देवदत्तची शेवटची आशा अशी होती, की तो धबधबा नक्की कुठला हे कोणाला कळणारच नाही. म्हणून त्याने मुद्दाम, अगदी आईच्या समोर बसून, टीव्ही चॅनलला ईमेल लिहिली. जर्मनीत प्रश्न विचारला की उत्तर येतं. ही या देशाची फार वाईट खोड आहे. चार दिवसांत कोणा बाईंचं सविस्तर उत्तर आलं: धबधब्याचं नाव यानापाक्चा, अँडीज पर्वतात अमुक खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून इतका उंच, जवळच्या गावापर्यंत बस जाते, पुढे चालावं लागतं, आपल्या आईंना आमचा कार्यक्रम आवडला हे वाचून आनंद झाला. सोबत नकाशा. देवदत्तने कपाळाला हात लावला. मनोरमाबाईंनी नकाशाला लावला आणि तो हात मग कपाळाला.

झालं. आता जाणं आलं. देवदत्त आईचा पासपोर्ट घेऊन परदेशी लोकांच्या ऑफिसात गेला. हे ऑफिस म्हणजे त्याचं जुनं दुखणं. दर दोन वर्षांनी फाईल काखोटीला मारून तिथे बसायचं, नंबर येण्याची वाट बघायची आणि आपल्या मागच्या जन्मीच्या पापांची उजळणी करायची. कायमचा कागद मिळाल्यावर या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं तो नुकतंच सगळ्यांना सांगून बसला होता.

समोर हेर क्नाऊस नावाचे सभ्य, बारीक मिशीचे गृहस्थ होते. "तुमच्या आईंचा व्हिसा एकदाच प्रवेश करण्याचा आहे," ते म्हणाले. "त्यांना जर्मनीतून बाहेर जाता येईल. परत येता येणार नाही."

"पण त्यांना जाणं भाग आहे."

"प्रवासाचं कारण?"

नवसाला जर्मन शब्द आहे, पण तो देवदत्तला ऐन वेळी आठवेना. "आल्झो, म्हणजे असं की," तो म्हणाला, "माझ्या आईने एका धबधब्याशी करार केलाय. धबधब्याने त्याची बाजू पूर्ण केली. आता आईला तिची करायची आहे."

हेर क्नाऊसनी पेन खाली ठेवलं. "करार लेखी आहे?"

"नाही. तोंडी."

देवदत्तला वाटलं, आता हा माणूस हसेल, निदान हाकलून तरी देईल. पण हेर क्नाऊस गंभीर झाले. "तोंडी करारही बंधनकारक असतो, हेर सबनीस. गेनाऊ, अगदी असंच आहे." त्यांनी क्षणभर विचार केला. "तुमच्या आईंना प्रतिनिधी नेमता येईल का?"

हा प्रश्न देवदत्तने घरी येऊन कुचेष्टेने सांगितला. मनोरमाबाईंनी तो उचलून धरला. "बघ, माणसाला किती समज आहे! ओटी सवाष्णीनेच भरायची असते; ती आपली कादंबरी भरेल. माझ्या वतीने भरली तरी पोचते. ऊर्जाला मी सांभाळते इथे. तुम्ही दोघं जाऊन या."

"आणि मी काय करायचं तिथे?" देवदत्तने विचारलं.

"तू पिशवी धर."

कायम वास्तव्याचा परवाना असलेला, मोठ्या मोटार कारखान्यात दारांच्या चाचणी विभागाचा प्रमुख असलेला माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पिशवी धरायला निघाला. कारखान्याला ऑगस्टमध्ये सुट्टी होती, म्हणजे तेही कारण राहिलं नाही. पेरूच्या व्हिसासाठी कागदपत्रं जमवताना त्याच्या नाकी नऊ आले. कादंबरी मात्र खुशीत होती. लग्न झाल्यापासून ते दोघं जिथे जिथे गेले तिथे देवदत्तचं काहीतरी ऑफिसचं काम होतं. "सासूबाईंच्या कृपेने हनिमून," ती वसुधाला फोनवर सांगत होती. "जा, जा, हसू नकोस."

खरा प्रश्न आला तो नारळाचा. जर्मन सुपरमार्केटात नारळ मिळतो. पण तो घासूनपुसून गुळगुळीत केलेला, मधोमध करवतीची खाच पाडलेला आणि वर प्लास्टिक चढवलेला. मनोरमाबाईंनी तो हातात फिरवला. "याची शेंडी कुठाय?"

"काढून टाकतात इथे. फोडायला सोपं जातं."

"शेंडी नसलेला नारळ ओटीत घालतात होय रे? आणि हा तर आधीच अर्धा कापलाय! अपशकुन आहे हा. याची चटणी करा."

पुढचे दोन शनिवार देवदत्त शेंडीच्या शोधात होता. तुर्की दुकानात त्याने हातवारे करून शेंडी दाखवली, तर दुकानदाराने त्याला दाढी करायचा ब्रश दिला. शेवटी श्टुटगार्टच्या एका श्रीलंकन तमिळ दुकानात, मागच्या खोलीत, घसघशीत शेंडीवाला नारळ सापडला. दुकानदाराने काही न विचारता तो कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी दिला. देवदत्तला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मनोरमाबाईंनी तो नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण आणि आपल्या बॅगेतली, स्वतःसाठी आणलेली कोरी इरकली साडी, असं सगळं एका पिशवीत बांधलं. नवरा-बायको निघाले. जिन्यात फ्राऊ आयजेले केरसुणी घेऊन उभ्या होत्या. तुमच्या आईंनी पाळी घेतलीय, मी त्यांना कोपरे दाखवणार आहे, असं त्यांनी सांगितलं.

लिमाच्या विमानतळावर पिशवी उघडली गेली. बाहेरून आलेलं धान्य, बी, फळ, मूळ, काहीही देशात न्यायला बंदी आहे, असं हातमोजे घातलेल्या बाईंनी सांगितलं. तांदूळ गेले. हळकुंड गेलं. सुपारी गेली. नारळ त्यांनी शेंडीला धरून उचलला, सहकाऱ्याला दाखवला, आणि दोघांनी मिळून तो एका निळ्या पिंपात टाकला. देवदत्तने सीडी ऐकून शिकलेलं स्पॅनिश वापरून बघितलं. त्याला फक्त 'स्नानगृह कुठे आहे' एवढंच आठवलं, आणि त्याचं उत्तर मात्र लगेच मिळालं.

"तुला नारळ हँडबॅगेत घालायला काय झालं होतं?" तो कादंबरीवर डाफरला.

"त्याने काय झालं असतं? त्यांनी हँडबॅग उघडली असती," कादंबरी म्हणाली. "आणि पिशवी धरायचं काम तुझं होतं."

पुढे एक विमान, एक बस, मग एक लहान बस, मग एक बस म्हणवणारी गाडी. उंचीमुळे देवदत्तचं डोकं असं ठणकायला लागलं, की त्याला आईच्या फडक्याची पहिल्यांदा खरी किंमत कळली. गावात येसेनिया नावाची वाटाड्या मुलगी त्यांची वाट बघत होती. ती रेगेन्सबर्गच्या विद्यापीठात शिकून आली होती आणि तिचं जर्मन देवदत्तपेक्षा चांगलं होतं. ज्या भाषेने त्याला इतकी वर्षं छळलं, तीच भाषा इथे, ढगांच्या वर, त्याला मायबोलीसारखी वाटली. याचाही त्याला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धबधब्याशी पोचले. टीव्हीवर पावसाळ्यातला धबधबा दाखवला होता, आणि ऑगस्ट म्हणजे तिथला कोरडा काळ, हे त्या सविस्तर ईमेलमध्ये लिहायचं राहिलं होतं. काळ्या कातळावरून एक बारीक, चांदीच्या तारेएवढी धार खाली येत होती. देवदत्तचा रोजचा धंदा म्हणजे गाड्यांच्या दारांवर फवारे मारून पाणी आत शिरतं का ते बघणं. त्याच्या चाचणीच्या खोलीत एका दारावर याच्या दसपट पाणी पडतं.

"यासाठी आलो आपण?" तो ओरडला. दम लागल्यामुळे ते ओरडणंही नीट झालं नाही. "अर्ध्या जगाला वळसा घालून? याच्यापेक्षा आमच्या मोरीतला नळ बरा!"

"हळू बोल," कादंबरी म्हणाली. "ऐकेल ती."

पायथ्याशी एक वयस्क बाई बसल्या होत्या. तपकिरी टोपी, लाल-गुलाबी शाल, मांडीवर लोकर कातायची टकळी. या फेलिपाबाई. धबधब्याची राखण गावात दरवर्षी घरोघर फिरते आणि त्या वर्षीची पाळी त्यांच्या घराकडे होती, असं येसेनियाने सांगितलं. "म्हणजे केरवोखं," देवदत्त म्हणाला. येसेनियाला ते इतकं पटलं, की तिने त्याचा अर्थ फेलिपाबाईंनाही समजावून दिला.

कादंबरीने पिशवी उघडून साडी, खण आणि बांगड्या दाखवल्या. फेलिपाबाईंनी साडीचा काठ बोटांत धरून बराच वेळ बघितला, आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, हे पाण्यात टाकणार का? टाकायचं नाही, खाली सगळं गाव हेच पाणी पितं. दुसरा, मागितलं कोणी?

"माझ्या आईने. ती जर्मनीत आहे," देवदत्त म्हणाला.

मग तिनेच सांगायला हवं, फेलिपाबाई म्हणाल्या, काय मागितलं आणि काय मिळालं. दुसऱ्याच्या तोंडून पाणी ऐकत नाही. गावातल्या दुकानात फोन आहे.

देवदत्तने हात टेकले. इतक्या ऑफिसांतून सुटून आलो, तर इथेही अर्जदाराने स्वतः हजर राहायला हवं! सगळी वरात पुन्हा खाली गावात आली. दुकानदाराने बटाट्याच्या पोत्यांमागून फोन काढून दिला आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरून उभा राहिला. झिंडेलफिंगेनला संध्याकाळ झाली होती.

"आई! इथल्या बाई विचारताहेत, तू काय मागितलं होतंस. सांग लवकर. मी जर्मनमध्ये सांगतो, ही मुलगी त्यांना त्यांच्या भाषेत सांगेल."

"भरली का ओटी?"

"आधी सांग तर!"

मनोरमाबाईंना लांबचा फोन म्हणजे लांबपर्यंत ओरडायचं असं वाटतं, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू येत होता. "सांग त्यांना, माझ्या देवूचा कागद मागितला. दर दोन वर्षांनी तो फाईल घेऊन त्या ऑफिसात जातो, आणि आदल्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मला कादंबरीने सांगितलं होतं. एवढा मोठा माणूस, इतका हुशार, आणि शाळेतल्या पोरासारखा घाबरतो. मला ते सहन होईना."

देवदत्त कादंबरीकडे न बघता हे जर्मनमध्ये बोलला. 'माझा मुलगा घाबरतो' हे वाक्य त्याला स्वतःच्याच तोंडाने म्हणावं लागलं. येसेनियाने ते पुढे सांगितलं. फेलिपाबाईंनी मान हलवली.

"झालं?" देवदत्तने विचारलं.

"थांब. पाण्याला सगळं खरं सांगायला हवं," मनोरमाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, पण दुकानही शांत झालं होतं. "मला मागायचं होतं उलटंच. तू परत यावास. आप्पा आणि मी रोज तेवढंच बोलतो. जेवताना दोन पानं मांडली की घर फार मोठं वाटतं रे. पण ते माझ्यासाठी झालं असतं, तुझ्यासाठी नाही. म्हणून नाही मागितलं. सांगितलंस का त्यांना?"

"सांगतो," देवदत्त म्हणाला, आणि बटाट्याची पोती मोजू लागला. येसेनिया वाट बघत राहिली. दुकानदाराने घड्याळावरून नजर काढली. शेवटी कादंबरीनेच पुढे होऊन ते सगळं, एकही शब्द न गाळता, जर्मनमध्ये सांगितलं.

ते ऐकल्यावर फेलिपाबाई उठल्या आणि त्यांनी देवदत्तच्या हातातून सरळ फोनच काढून घेतला. त्या आपल्या भाषेत बोलू लागल्या. तिकडून मनोरमाबाई मराठीत बोलू लागल्या. दोघी एकाच वेळी, एकमेकींपेक्षा वरच्या पट्टीत, मधूनमधून हसत, कितीतरी वेळ बोलत होत्या. देवदत्त दुकानदाराला पैसे देत होता. फोन परत त्याच्याकडे आला.

"समजूतदार आहेत हो बाई," मनोरमाबाई म्हणाल्या. "नारळ नसला तर मका चालेल म्हणाल्या."

"आई, त्या मका म्हणाल्या हे तुला कसं कळलं? आणि नारळ गेला हे तुला कोणी सांगितलं?"

"मग काय म्हणणार? पिशवी तू धरली होतीस ना!"

येसेनियाला विचारलं, तर फेलिपाबाई खरोखरच मक्याबद्दल बोलल्या होत्या. देवदत्तने त्यावर विचार करायचं सोडून दिलं. फेलिपाबाईंनी त्याच दुकानातून मका आणि बटाटे घ्यायला लावले.

"बटाटे? ओटीत?" त्याने विचारलं.

"इथे जे पिकतं ते," कादंबरी म्हणाली. "तिला तांदूळ काय ठाऊक?"

ते पुन्हा वर गेले. फेलिपाबाईंनी धारेला पाठ करून आपली लाल-गुलाबी शाल दोन्ही हातांनी पुढे पसरली, कोणी न सांगता, जशी पदराची ओंजळ करतात तशी. कादंबरीने त्यांना हळदकुंकू लावलं, धारेच्या दिशेने कातळालाही लावलं, आणि साडी, खण, बांगड्या, मका आणि बटाटे शालीत घातले. तिचे डोळे भरून आले होते. देवदत्तचंही नाक चुरचुरत होतं, पण उंचीवर तसं होतं असं त्याने वाचलं होतं.

"आता तुम्हीही काहीतरी मागा, म्हणताहेत," येसेनिया म्हणाली. "इतक्या लांबून आलेलं माणूस न मागता गेलं, तर पाण्याला बरं वाटत नाही."

"नाइन, डांके," देवदत्त म्हणाला, म्हणजे नको, आभारी आहे. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बायका आवरून पुढे निघाल्या. तो पिशवीची घडी घालत मागे रेंगाळला. धार तेवढीच होती, बारीक. पण जवळ गेल्यावर तिचा आवाज येत होता. त्याने इकडे तिकडे बघितलं, पिशवी काखेत धरली आणि हात जोडले. आईने जे मागितलं नव्हतं, ते त्याने मागितलं. मोठ्याने बोलायचा त्याला धीर झाला नाही, पण ओठ हलले.

खाली वळणावर कादंबरी थांबली होती. "काय करत होतास इतका वेळ?"

"काही नाही. पाण्याचा दाब बघत होतो."

"हात जोडून?"

देवदत्त चालू लागला.

"देवदत्त, तू नवस बोललास!"

"अगं, सहज..."

"नवस सहज बोलतात का? हा एक फेडता फेडता तोंडाला फेस आला, तू सगळ्या रस्त्याने माझं डोकं खाल्लंस, आणि वर स्वतः दुसरा बोलून मोकळा झालास? काय कबूल केलंस?"

"ओटीच."

"ओटी! म्हणजे पुन्हा मलाच यायचंय इथे!" ती तरातरा पुढे निघाली. देवदत्त मागून धापा टाकत गेला. बरंच अंतर दोघं तसेच चालत राहिले. मग ती एकदम थांबली आणि त्याच्याकडे वळली. तिचा राग कुठेतरी वाटेत पडला असावा. चेहऱ्यावर फक्त काळजी होती.

"ऊर्जाचं काय करायचं?" तिने विचारलं. "तिला मराठी बोलता येत नाही धड, वाचता तर मुळीच येत नाही. पुण्यात कुठल्या शाळेत घेतील तिला?"

देवदत्त जागच्या जागी उभा राहिला. आपण काय मागितलं, ते त्याने तिला अजून सांगितलंच नव्हतं.